लोकरवाल्या काकूंचं दुकान, गावभाग, सांगली : दुपारी बंद असतं, तरी नक्की जा

सगळ्यात आधी वेळ सांगते कारण बहुतेकांची चिडचिड तिथंच होते. सकाळी साडेदहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. मधल्या वेळात शटर अर्ध्यावर असतं, तेव्हा बेल वाजवू नका. रविवारी फक्त सकाळी. गौरी जेवतात त्या दिवशी बंद. एवढं लक्षात ठेवलंत तर सांगलीत लोकर आणि साधं सुती कापड घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, आणि मी गेली अकरा वर्षं इथनंच घेतेय.

मारुती चौकाकडून आत आलात की जुन्या वाड्याची समोरची खोली म्हणजे दुकान. पाटीवरचं नाव पुरात अर्धं गेलं ते परत रंगवलंच नाही, सगळे लोकरवाल्या काकू म्हणूनच ओळखतात. दहा बाय बाराची जागा असेल. डाव्या भिंतीला लोकर, उजवीकडे कापडाचे ताके, समोर काउंटर आणि काउंटरमागं एक दार, ते थेट स्वयंपाकघरात उघडतं. त्या दारामुळंच हे दुकान चालतं असं माझं मत आहे. काकू गिऱ्हाईक करता करता आत कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात, आतनं आजींनी हाक मारली की "दोन मिनिटं हं" म्हणून जातात आणि खरंच दोन मिनिटांत येतात. आजी म्हणजे काकूंच्या सासूबाई, तीन वर्षं अंथरुणावर आहेत. एक ते पाच दुकान बंद का, तर त्या वेळात आजींचं जेवण, औषध, कूस बदलणं, अंग पुसणं, मग काकूंचं स्वतःचं जेवण आणि थोडी पाठ टेकणं. काका एसटीतनं रिटायर झालेत, ते मदत करतात पण आजींना सूनच लागते. हे मी मुद्दाम लिहितेय कारण भर दुपारी येऊन शटर बघून परत गेलेल्यांना मी वैतागलेलं पाहिलंय, आणि आतलं माहीत नसलं की वैतागणार कुणीही.

आता मालाबद्दल.

लोकर बहुतेक लुधियानाची, वर्धमान वगैरे कंपन्यांची, अॅक्रिलिकच (म्हणजे कृत्रिम धाग्याचीच) जास्त. सांगलीच्या हवेला तीच बरी पडते, खरी मेंढीची लोकर इथं वर्षात पंधरा दिवससुद्धा अंगावर सहन होत नाही. दोन प्लाय, तीन प्लाय, चार प्लाय (म्हणजे तेवढे पदर एकत्र पिळलेली) असते, बाळाची मऊ लोकर वेगळ्या कप्प्यात असते, शिवाय क्रोशासाठी सुती दोरा आणि जाड मॅक्रमेचा दोर. रंगांची संख्या मोजली तर ऑनलाइनवाल्यांच्या पुढं काहीच नाही, हे कबूल. पिस्ता हवा असेल तर एकच पिस्ता मिळेल. पण जो रंग आहे त्याचा पूर्ण स्वेटर होईल एवढा एकाच लॉटचा माल त्यांच्याकडं असतो आणि विणणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोकर एकेका घाण्यात, म्हणजे एका वेळच्या खेपेत रंगवतात, त्या घाण्याचा नंबर गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर छापलेला असतो, तो लॉट नंबर. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलू शकते, हातात धरून कळत नाही, विणून झाल्यावर उन्हात कळतं. माझ्या भाच्यासाठी मी एकदा एका साइटवरनं निळी लोकर मागवली होती, कमी पडली म्हणून त्याच साइटवरनं तोच नंबर परत मागवला, आणि एक बाही वेगळीच निळी झाली. दोन महिन्यांचं काम. तक्रार केली तर "रंग स्क्रीनवर वेगळा दिसू शकतो" असं उत्तर आलं. मी ती बाही घेऊन काकूंकडं गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं की लॉट मिसळायची वेळच आली तर दोन ओळी या गोळ्याच्या, दोन ओळी त्या गोळ्याच्या अशा आलटून पालटून विणायच्या, म्हणजे जोड दिसत नाही. मग मी बाही उसवली आणि छातीपासून वरचा भाग तसा केला. भाचा तो स्वेटर अजून घालतो, आता आखूड झालाय तरी.

या लॉटसाठी काकूंची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बांधलेली. तुम्ही सहा गोळे लागतील म्हणालात तर त्या चार देतात आणि दोन तुमच्या नावावर बाजूला ठेवतात, वहीत रंग, लॉट आणि तारीख लिहितात. दोन महिने ठेवतात. लागले तर घेऊन जा, नाही लागले तर सांगा, पैसे आधी घेत नाहीत. मी विचारलं होतं की काकू यात तुमचा माल अडकतो की, तर म्हणाल्या, "अगं घरी उरलेला गोळा बाईला डाचतो. कपाट उघडलं की दिसतो. मग ती परत दुकानात यायला बिचकते." मला हे फार पटलं. माझ्या स्वतःच्या कपाटात बाकीच्या दुकानांतनं घेतलेले असे अर्धे गोळे पिशवीभर आहेत, काकूंचा एकही नाही.

सुया विकतानापण तसंच. नवीन कुणी आलं की काउंटरवर ठेवलेल्या सुया देऊन वीस टाके घालायला लावतात, दहाबारा ओळी विणायला लावतात आणि पट्टी ठेवून इंचाला किती टाके बसले ते मोजतात. हात सैल असेल तर अकरा नंबर, घट्ट असेल तर नऊ नंबर. आपल्याकडं सुयांचे जुने नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि यूट्यूबवर सगळं मिलिमीटरमध्ये असतं त्यामुळं नव्या पोरींचा गोंधळ होतो. काकूंनी भिंतीवर पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय, आठ म्हणजे चार मिमी, दहा म्हणजे सव्वातीन, बारा म्हणजे पावणेतीन. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. क्रोशाच्या मुलींना मराठीत सांगतात, साखळी, खांब, मुका खांब, आणि त्या मुली "म्हणजे सिंगल क्रोशे का" म्हणून विचारतात तेव्हा काकू मान हलवून हातानंच करून दाखवतात.

कापडाचा भाग लहान आहे पण नेमका आहे. मलमल, रुबिया, केंब्रिक, पॉपलीन, अस्तराचं कापड, खणाचे तुकडे आणि थोडं इरकली. पॉपलीन-केंब्रिक इचलकरंजीचं, खण गुळेदगुड्डहून. भारी साड्या, ड्रेस मटेरियल, जरीकाम यातलं काही नाही, त्यासाठी कापड पेठेत जा, तिथं शंभर प्रकार बघायला मिळतील. इथं येतं कोण, तर बाळंतविडा करणारी आजी, पोराचं झबलं-दुपटं शिवणारी आई, ओटीला खण घेणारी, आणि शिलाई शिकणाऱ्या मुली.

काकू मलमल कापत नाहीत, फाडतात. किनारीला कात्रीनं बोटभर चीर देतात आणि दोन्ही हातांनी ओढतात, टर्रकन सरळ रेषेत फाटतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कापड खराब होईल, पण ते आडव्या धाग्यावरनंच फाटतं म्हणून कोपरे काटकोनात येतात, कात्रीनं कापलेलं तिरकं जाऊ शकतं आणि मग दुपटं धुतल्यावर पिळवटतं. देताना प्रत्येकीला सांगतात की शिवायच्या आधी रात्रभर भिजत घाल, सुती आहे, आटणार. आणि मीटरला दोनचार बोटं जास्त धरायला सांगतात. हे सांगताना त्यांचा कापडाचा खप वाढावा असा हेतू नसतो, कारण ज्या बाईला सव्वादोन पुरणार तिला अडीच मागूनसुद्धा त्या सव्वादोनच देतात. पन्हा (कापडाची रुंदी) किती, घेर किती, बाईची उंची किती हे विचारून तोंडी हिशोब करतात, छत्तीसच्या पन्ह्यात एवढं, चव्वेचाळीसच्यात एवढं.

खणाबद्दल एक सांगायलाच हवं. सध्या खणाची फॅशन आहे आणि बाजारात पॉलिस्टरचा खण कॉटनच्या नावानं सर्रास विकतात. काकू दोन्ही ठेवतात आणि दोन्हीचे भाव वेगळे, काय आहे ते आधी सांगतात. एका बाईला विश्वास बसेना तेव्हा त्यांनी तुकड्याच्या कडेचे दोन धागे काढले, देवापुढची काडेपेटी आणली आणि स्टीलच्या वाटीवर जाळून दाखवले. सुती धागा कागदासारखा जळला, वास पण कागदाचा, राख बोटात चुरडली. दुसरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. ती बाई दोन मिनिटं तो मणी नखानं दाबत उभी होती. मग तिनं पॉलिस्टरचाच घेतला, कारण तिला पर्स शिवायची होती आणि त्याला तो टिकतो. काकूंनी त्यालाही बरोबर म्हटलं. गडद रंग घेताना पांढरा ओला रुमाल घासून रंग जातो का तेही बघू देतात, आपण मागायचं फक्त.

मी हे सगळं एवढं तपशिलात सांगू शकते कारण मी त्या काउंटरमागं नऊ दिवस बसलेय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, तारखेच्या आठ दिवस आधीच सिझर करावं लागलं आणि ते नेमकं संक्रांतीच्या तोंडावर. कापडाच्या दुकानात संक्रांतीचा आठवडा म्हणजे काळं कापड. एरवी वर्षभर काळ्याला हात न लावणाऱ्या बायका त्या आठवड्यात काळंच मागतात, नव्या नवरीला, बाळाच्या बोरन्हाणाला झबलं, लेकीला परकर-पोलकं. काकू हॉस्पिटलमध्ये, काका हॉस्पिटल आणि आजी यांच्यात, दुकान बंद ठेवावं तर वर्षाचा सीझन जातो. मी म्हटलं मी बसते. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता, त्याला शाळेतनं आणून काउंटरखाली चटईवर बसवायची, तो तिथंच गृहपाठ करायचा आणि मधेच रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचे किल्ले करायचा.

तेव्हा कळलं दुकान म्हणजे काय. बाहेरनं वाटतं बसायचं आणि विकायचं. खरं काम बसण्यात नसतंच. ताका काढायचा, उलगडायचा, दाखवायचा, नाही आवडला की परत गुंडाळायचा, आणि गुंडाळताना किनार किनारीवर यायला हवी नाहीतर पुढच्या वेळी माप चुकतं. लोकरीचे गोळे लोक दाबून बघतात, पट्ट्या निघतात, पट्टी निघाली की लॉट गेला, म्हणून रोज रात्री पट्ट्या बघायच्या. सुट्टे पैसे. आणि मधेच आतनं आजींचा आवाज, मग काउंटरवर पोराला उभं करून आत पळायचं. पहिल्या दोन दिवसांत मला पाण्याचा ग्लास उचलायला वेळ मिळाला नाही, आणि काकू हे पंचवीस वर्षं करतायत, त्यात दोन मुलांची शिक्षणं, सासऱ्यांचं आजारपण, सणवार सगळं.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातनं चूक झाली. एका बाईंना परकरासाठी अडीच मीटर काळं हवं होतं, मी बोलता बोलता सव्वादोनवर कापलं. त्या म्हणाल्या पुरणार नाही, बरोबरच होतं त्यांचं, त्यांना नवीन अडीच दिलं आणि तो तुकडा बाजूला पडला. त्या रात्री काकू हॉस्पिटलमधनं आंघोळीला घरी आल्या तेव्हा मी रडायच्या बेतात होते, पैसे मी देते म्हटलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, पसरला, वीत लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यात चार झबली बसतात." आणि बसल्या की मशीनवर. दिवसभर हॉस्पिटलच्या स्टुलावर बसून आलेली बाई. दोन झबली त्या रात्री शिवली, दोन दुसऱ्या दिवशी पहाटे. पांढऱ्या लेसची कड लावली. संध्याकाळपर्यंत तीन गेली बोरन्हाणासाठी, आणि चौथं त्यांनी ठेवलं, ते पुढच्या वर्षी त्यांच्या नातवाला घातलं, हलव्याच्या दागिन्यांबरोबर. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पुराचंही लिहिते कारण त्याशिवाय हे दुकान कळणार नाही. गावभागात भिंतीवर पाण्याच्या खुणा असतात ते सांगलीकरांना सांगायला नको. काकूंनी २००५ च्या पुराची खूण भिंतीवर तशीच ठेवली होती आणि सगळा माल त्या खुणेच्या वर येईल अशीच फडताळं करून घेतली होती. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलेलं. ऑगस्ट २०१९ ला ते ५७ च्याही वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. जेवढं माळ्यावर चढवता आलं तेवढं चढवलं, आजींना आधी हलवलं, आणि खालचे दोन कप्पे गेले.

पाणी उतरल्यावर मी गेले होते. चिखल, वास, आणि मधोमध फुगलेले ताके. सुती कापडाला गाळाचे डाग आणि बुरशी, त्याचं काहीच होण्यासारखं नव्हतं, ते चिंध्या म्हणून गॅरेजवाल्यांना किलोवर दिलं. पण अॅक्रिलिक पाणी फारसं पीत नाही, कुजत नाही. मग सगळ्या घरानं गोळे उकलले. काका खुर्चीत दोन हात पुढं करून बसलेले, त्यांच्या हातांवर लोकरीच्या लडी गुंडाळायच्या, चार ठिकाणी सैल बांधायच्या, टबात धुवायच्या, तीन पाण्यातनं काढायच्या आणि गच्चीवर दोरीवर टाकायच्या. त्या गच्चीवर दोरीच्या दोरी रंगीत लडी वाऱ्यावर हलताना मी पाहिल्यात, लाल, पोपटी, मोरपंखी, आणि खाली गल्लीत अजून चिखलाचे ढीग. आजी तेव्हा चालत्या-फिरत्या होत्या, वाळलेल्या लडींचे गोळे त्यांनी केले. काकूंनी तो माल वेगळ्या टोपलीत ठेवला आणि वर चिठ्ठी लावली, पुरात भिजलेला, धुतलेला, लॉट माहीत नाही, निम्मा भाव. कुणाला चांगला म्हणून खपवला नाही. मी त्यातनं बारा गोळे घेतले आणि पट्ट्यापट्ट्यांची चादर केली, ती आजतागायत रोज वापरात आहे, रंग गेलेला नाही, वर बारीक गुठळ्या आलेल्या नाहीत. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं पण तोपर्यंत फडताळं अजून वर सरकवली होती.

आता जे खटकतं ते पण लिहिते. दुकानात उजेड कमी आहे, एक पांढरी ट्यूब आहे आणि तिच्याखाली आकाशी आणि फिकट जांभळा सारखाच दिसतो, रंग जुळवायचा असेल तर दारात उन्हात नेऊन बघा, काकू नाही म्हणत नाहीत. क्यूआर कोड आहे पण त्याचा मेसेज काकांच्या फोनवर येतो, काका बाहेर असले की काकू फोन लावून विचारतात मग सोडतात, घाई असेल तर रोख न्या. कुरिअर नाही, घरपोच नाही, फोनवर रंगांचे फोटो पाठवा म्हटलं तर पाठवतात पण रात्री दहानंतर. बांबूच्या सुया, गोल तारेच्या सुया क्वचितच असतात. आणि संध्याकाळी सात ते आठ गर्दी असते, तेव्हा शिकवायला वेळ नसतो, काही विचारायचं असेल तर सकाळी अकराच्या सुमाराला जा. भाव म्हणाल तर लोकर छापील किमतीला किंवा थोडी कमी, घासाघीस चालत नाही, कापड कापड पेठेपेक्षा मीटरला पाचदहा रुपयांनी जास्त पडतं कधीकधी. मला ते मान्य आहे. मोठ्या दुकानाएवढा माल एकदम उचलायला त्यांच्याकडं जागाही नाही आणि भांडवलही नाही.

काकूंच्या लेकीनं मध्यंतरी इन्स्टावर पेज काढायचं म्हणून बरंच समजावलं. ऑर्डरी वाढतील, पुण्यामुंबईच्या मुली घेतील, क्रोशाला सध्या मागणी आहे, हे सगळं खरंय. काकूंनी एक महिना विचार केला आणि नको म्हणाल्या, आजी आहेत तोवर नको. पॅकिंग, पोस्ट, रात्रीचे मेसेज, हे कुणाच्या वेळातनं काढायचं, हे त्यांनी बोटं मोजून लेकीला सांगितलं. मला आधी वाटलं होतं की संधी सोडतायत. पण त्या नऊ दिवसांनंतर नाही वाटत. दुकान किती मोठं करायचं हे त्या घराकडं बघून ठरवतात, आणि म्हणूनच ते पंचवीस वर्षं टिकलंय असं मला मनापासून वाटतं.

सध्या बाळाच्या मऊ लोकरीत पिवळा, पिस्ता आणि मोतिया आलाय, मलमलीचा नवीन ताका पण उघडलाय, पांढरा, चव्वेचाळीस पन्हा, बाळंतविड्यासाठी हवा असेल तर लवकर जा. माझे मोरपंखीचे तीन गोळे वहीत लिहिलेत, दुसरी बाही खांद्यापर्यंत आली की बुधवारी संध्याकाळी पाचनंतर आणायला जाणार आहे.